‘गूज’ शोधायचे कसे? शिकागो विद्यापीठाच्या मराठी कोशसंग्रहाचे परीक्षण

शब्दकोशाची परीक्षा ‘पाणी’, ‘घर’, ‘झाड’ अशा शब्दांवर घेऊन काही कळत नाही. त्यात सगळेच उत्तीर्ण होतात. परीक्षा घ्यायची तर शब्द असा हवा की जो जुन्या ग्रंथांत भेटतो, आजच्या बोलण्यात जेमतेम एका जोडशब्दापुरता उरला आहे, दोन तऱ्हांनी लिहिला जातो आणि ज्याचा अर्थ एका प्रतिशब्दात बसवू गेले की निम्मा सांडतो. ‘गूज’ हा तसा शब्द आहे. ‘गुप्त ज्ञान’ या अर्थाचे मराठीत डझनभर शब्द आहेत, पण गुजाची जागा त्यातला एकही घेत नाही. शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर खुला ठेवलेला दक्षिण आशियाई भाषांचा डिजिटल कोशसंग्रह या एका शब्दाला किती न्याय देतो, कुठे वाट चुकवतो आणि कोणत्या क्रमाने वापरला तर खरोखर उपयोगी पडतो, ते इथे पाहू.

सेवा विनामूल्य आहे. संग्रहात मराठीचे पाच कोश आहेत : मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७), श्रीधर गणेश वझे यांचा आर्यभूषण छापखान्याचा शालेय मराठी-इंग्रजी कोश (१९११), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९५०), मॅक्सिन बर्नसन यांचा मूलभूत मराठी-इंग्रजी कोश (१९८२-८३) आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९). शोधाचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक फक्त शीर्षशब्दांत, म्हणजे ज्या शब्दांखाली नोंदी दिल्या आहेत त्यांत शोधतो, दुसरा नोंदीच्या संपूर्ण मजकुरात. कोणत्या वेळी कोणता प्रकार घ्यायचा हे कळले की अर्धे काम झाले, कारण बहुतेकांची निराशा शीर्षशब्दाचा शोध रिकामा आला की तिथेच थांबल्यामुळे होते.

आधी शब्द नीट समजून घेऊ. नाहीतर कोशाने काय दिले आणि काय गाळले हे ठरवता येणार नाही.

संस्कृतात ‘गुह्’ म्हणजे झाकणे, लपवणे. त्यावरून ‘गुह्य’, म्हणजे झाकून ठेवण्याजोगे. प्राकृतात ‘ह्य’चा ‘ज्झ’ होतो, म्हणून ‘गुह्य’चे ‘गुज्झ’ झाले आणि मराठीत ‘गूज’. ‘मह्यम्’चे ‘मज्झ’ आणि त्याचे ‘मज’ झाले ते याच वाटेने, आणि त्याच्या जोडीने ‘तुज’ आले. पंजाबीत आजही लपलेल्या गोष्टीला ‘गुज्झा’ म्हणतात, तो याच घरातला शब्द. एकच शब्द असा दोन रूपांनी मराठीत नांदतो. संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला ‘गुह्य’ आणि लोकांच्या तोंडी झिजून आलेला ‘गूज’. दोघांचा अर्थ मात्र एक राहिलेला नाही.

हा फरक ज्ञानेश्वरीत अगदी स्वच्छ दिसतो. गीतेच्या नवव्या अध्यायाचा पहिला श्लोक ‘इदं तु ते गुह्यतमं’ असा सुरू होतो. त्यावरची ओवी अशी आहे : ‘नातरी अर्जुना हें बीज । पुढती सांगिजेल तुज । जें हें अंतःकरणींचें गुज । जिव्हाळ्याचें ॥’ संस्कृत ‘गुह्यतम’ला ज्ञानेश्वरांनी त्याचाच मराठी वंशज दिला, पण एकटा दिला नाही. पुढे ‘जिव्हाळ्याचें’ हा शब्द जोडला. श्लोकात ‘गुह्यतम’ म्हणजे सर्वांत गुप्त, एवढी कोरडी पायरी आहे. ओवीत ते अंतःकरणातले आणि आपल्या माणसासाठी राखलेले होते. लगेच पुढच्या ओवीत श्रीकृष्ण अर्जुनाच्या मनातली शंका स्वतःच बोलून दाखवतो, की जिवाचे हृदय उघडून हे गूज मलाच का सांगावे. म्हणजे गूज म्हटले की सांगणारा आला, ऐकणारा आला आणि दोघांमधला विश्वासही आला. नुसते कुलूप लावून ठेवलेले ज्ञान म्हणजे गूज नव्हे. एकालाच सांगायचे म्हणून ते इतरांपासून राखलेले असते.

कोशाने एवढे पोहोचवले पाहिजे. नुसते ‘गुप्त गोष्ट’ म्हणून पुढे जाणारा कोश या शब्दाला कमी पडला, असे आमचे मत.

आता शोधाकडे. पहिला अडथळा ऱ्हस्वदीर्घाचा. वर दिलेल्या ओवीत ‘गुज’ ऱ्हस्व आहे. आजच्या नियमाप्रमाणे अकारान्त मराठी शब्दातला शेवटून दुसरा उकार दीर्घ लिहायचा, म्हणून ‘मूल’, ‘फूल’ तसे ‘गूज’. विभक्ती लागली की तो पुन्हा ऱ्हस्व : मुलाचे, फुलाचे, गुजाचे. मराठी साहित्य महामंडळाचे हे नियम १९६२चे. संग्रहातले कोश वेगवेगळ्या काळातल्या लेखनपद्धतींचे आहेत आणि त्यांतले उतारे तर आणखी जुने. तेव्हा ‘गूज’ टाइप केल्यावर काही आले नाही तर ‘गुज’ टाका, आणि ‘गुज’ टाकल्यावर आले तरी ‘गूज’ही एकदा टाकून पाहा, कारण एका रूपाखाली नुसती दुसरीकडे पाहण्याची खूण आणि दुसऱ्याखाली खरी नोंद, असे जुन्या कोशांत नेहमी घडते. छापील प्रतीत तर ‘गु’ आणि ‘गू’ यांच्यामध्ये बरीच पाने असतात.

शब्दाच्या सुरुवातीवरून शोधायला गेलात तर दुसरा गोंधळ समोर येतो. ‘गुज’ने सुरू होणाऱ्या यादीत गुजर, गुजराथ, गुजरणे, गुजराण, गुजारा हे सगळे येऊन बसतात. यातला ‘गुजर’ संस्कृत ‘गुर्जर’वरून आला, आणि गुजरणे, गुजराण, गुजारा ही फारसीतली ‘जाणे, ओलांडणे, काळ काढणे’ या अर्थाची मंडळी. गुजाशी कोणाचेही नाते नाही. एक अनुस्वार पडला की ‘गुंज’ही येते. ती वेगळीच. लाल-काळ्या बियांची वेल, आणि तिच्या बीवरून सोनाराचे वजन : आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. हस्तलिखिते किंवा जुन्या छपाईचे उतारे वाचताना अनुस्वाराचा ठिपका शाईचा आहे की कागदाचा, हा प्रश्न खरोखर पडतो. अशा वेळी संदर्भ पाहावा. वजनामापाची किंवा दागिन्याची गोष्ट चालली असेल तर गुंज, मनाची किंवा उपदेशाची असेल तर गूज.

तिसरा अडथळा दाते-कर्व्यांच्या रचनेतला आहे आणि तो माहीत नसेल तर हा थोर कोश हातात असून नसल्यासारखा होतो. जागा वाचवण्यासाठी संपादकांनी जोडशब्द मूळ शब्दाच्या नोंदीतच घेतले आणि मूळ शब्दाच्या जागी नुसते लाघवचिन्ह, म्हणजे छोटे शून्य, छापले. त्यामुळे ‘गुजगोष्ट’ हा शब्द नोंदीत अनेकदा ‘॰गोष्ट’ असा असतो. यंत्राला ‘गुजगोष्ट’ विचारले तर ते प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, कारण ती अक्षरे सलग तिथे नाहीतच. उपाय सोपा आहे. जोडशब्द विचारायचाच नाही. आधी मूळ शब्द काढायचा, नोंद शेवटपर्यंत उतरत जायचे आणि त्या छोट्या शून्यांवर नजर ठेवायची. ‘हितगुज’ मात्र ‘हित’च्या बाजूने शोधावे लागेल, ‘गुज’च्या नाही. मोल्सवर्थमध्ये ही अडचण कमी, कारण तिथे जोडशब्द बहुधा आपापल्या वर्णानुक्रमाने स्वतंत्र उभे आहेत.

चौथी गोष्ट उताऱ्यांची. दाते-कर्व्यांचे उतारे जुन्या अनुस्वारांसकट छापले आहेत. ‘अंतःकरणींचें’ हा शब्द संपूर्ण मजकुरात शोधायचा तर तिन्ही अनुस्वार आणि विसर्ग हवेत. विसर्गाच्या जागी कीबोर्डवरचा अपूर्णविराम (:) पडला तरी शोध फसतो, आणि डोळ्याला फरक दिसतही नाही. म्हणून उताऱ्यातला ज्यात अनुस्वार, विसर्ग, जोडाक्षर काही नाही असा तुकडा निवडावा. वरच्या ओवीत ‘सांगिजेल’पेक्षा ‘पुढती’ बरा आणि ‘पुढती’पेक्षा ‘बीज’ सोपा, पण ‘बीज’ शेकडो ठिकाणी असणार. मधला मार्ग म्हणजे ‘पुढती’.

आता एकेक कोश.

मोल्सवर्थ आधी उघडावा. १८३१च्या पहिल्या आवृत्तीत सुमारे चाळीस हजार शब्द होते, १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार झाले. शब्दाच्या अर्थाची कड कुठे संपते हे सांगण्यात त्याच्या तोडीचा कोश मराठीत क्वचितच. नोंद अशी वाचावी : शीर्षशब्द, मग लिंगाचे अक्षर, मग कंसात शब्द कोणत्या भाषेतून आला त्याची खूण (संस्कृतसाठी एस, हिंदुस्थानीसाठी एच, फारसीसाठी पी, अरबीसाठी ए), मग आकडे घालून वेगवेगळे अर्थ. केवळ कवितेत चालणाऱ्या शब्दावर तो तशी खूण करतो. आजच्या लेखकाने या खुणेकडे दुर्लक्ष करू नये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जो शब्द बोलण्यातून उठून कवितेत गेला होता, तो आज बातमीत घातला तर कृत्रिमच वाटणार. डिजिटल प्रतीत शीर्षशब्दाशेजारी चौकटी कंसात रोमन लिप्यंतर दिलेले असते. ते अक्षरागणिक आहे, उच्चार नव्हे. शेवटचा न उच्चारला जाणारा ‘अ’सुद्धा त्यात लिहिलेला असतो. परदेशात वाढलेली मुले ते वाचून ‘गुजा’ म्हणू लागतात, त्यांना हे आधी सांगून ठेवावे.

मोल्सवर्थचा सर्वांत मोठा उपयोग उलट्या शोधाचा. संपूर्ण मजकुराचा पर्याय निवडा आणि रोमन लिपीत इंग्रजी ‘सीक्रेट’ टाइप करा. गुप्ततेशी संबंधित मराठी शब्दांची लांबच लांब यादी समोर येते. मग ‘मिस्टरी’, मग ‘हिडन’. छापील कोशात हे करायचे तर सुमारे नऊशे पाने वाचावी लागतील. अनुवादकांनी केवळ यासाठीही ही सेवा जवळ ठेवावी. फक्त एक पथ्य पाळावे. यादीतला शब्द आवडला म्हणून थेट वाक्यात घालू नये, त्याची पूर्ण नोंद उघडून लिंग आणि प्रयोग पाहावा, आणि मग दाते-कर्व्यांत त्याचा उतारा आहे का ते तपासावे.

मोल्सवर्थमध्ये एक मोठी पोकळी आहे, आणि ती याच विषयाशी निगडित आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. या लिप्यांत एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह येते आणि किल्ली माहीत असल्याशिवाय वाचता येत नाही. तेराव्या शतकातल्या गद्य मराठीचा, ‘लीळाचरित्रा’सारखा ठेवा असा शेकडो वर्षे पंथाबाहेरच्यांना बंद होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या काळात तो उघडा होऊ लागला. १८५७च्या कोशात तो शब्दसंग्रह कुठून असणार? त्यामुळे एखादा जुना शब्द मोल्सवर्थमध्ये नाही म्हणून तो मराठीत नव्हता, असा निष्कर्ष कधीही काढू नये.

ती पोकळी तुळपुळे-फेल्डहाउस भरतात. हा कोश यादवकालीन मराठीचा, अर्थ इंग्रजीत, आणि शब्द कोणत्या ग्रंथात किंवा शिलालेखात आला त्याचे संदर्भ नोंदीत दिलेले. ज्ञानेश्वरी, महानुभावांचे गद्य आणि कोरीव लेख एका जागी आणणारा असा कोश विरळाच. ‘गूज’सारख्या शब्दाची जुनी छटा तपासायची तर शेवटचा शब्द याचा. मात्र आजच्या मराठीत शब्द कसा चालतो हे तो सांगणार नाही. ते त्याचे कामच नव्हे.

दाते-कर्व्यांना आम्ही या संग्रहाचा कणा मानतो. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी, आबा चांदोरकर आणि चिं. शं. दातार यांच्यासह, सात विभाग आणि एक पुरवणी विभाग असा हा डोंगर उचलला. मराठीतून मराठीत अर्थ, मग उतारा, मग शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती. ‘(ल.)’ दिसले की लाक्षणिक अर्थ, ‘म्ह॰’ म्हणजे म्हण. ‘(व.)’ वऱ्हाडी, ‘(गो.)’ गोमंतकी, ‘(महानु.)’ महानुभावी. उताऱ्यापुढे ‘ज्ञा’ आणि दोन आकडे आले की ज्ञानेश्वरी, अध्याय आणि ओवी. ‘एभा’ म्हणजे एकनाथी भागवत, ‘दा’ म्हणजे दासबोध, ‘तुगा’ म्हणजे तुकारामांची गाथा. ज्ञानेश्वरीच्या वेगवेगळ्या प्रतींत ओव्यांचे क्रमांक थोडे पुढे-मागे होतात, म्हणून दिलेल्या क्रमांकावर ओवी नसेल तर चार-पाच ओव्या वरखाली पाहाव्यात.

डिजिटल प्रतीत इथेच मोठी उणीव जाणवते. संक्षेपांची फोड नोंदीशेजारी मिळत नाही. छापील कोशात पहिला विभाग शेजारी उघडा ठेवता येतो. पडद्यावर मात्र ‘(माण.)’ पाहून नवखा वाचक अडतो आणि नोंद सोडून देतो. उतारा कोणत्या ग्रंथातला हे न कळल्यामुळे शब्द सातशे वर्षांपूर्वीचा की शंभर वर्षांपूर्वीचा, हेही कळत नाही. एवढ्या श्रमाने कोश डिजिटल केला, तर संक्षेपावर बोट ठेवताच पूर्ण नाव दिसण्याची सोय हवी होती. दुसरी उणीव मांडणीची. लांब नोंदी पडद्यावर सलग उतरतात आणि अर्थांचे आकडे मजकुरात बुडतात. ‘गूज’ लहान शब्द आहे म्हणून निभावते. ‘घर’ किंवा ‘हात’ उघडून पाहा म्हणजे काय म्हणतो ते कळेल. मजकूर संगणकावर उतरवताना झालेल्या अक्षरांच्या चुकाही अधूनमधून दिसतात, म्हणून उतारा कुठे छापायचा असेल तर तो मूळ ग्रंथातून किंवा पानाच्या स्कॅनवरून पडताळूनच घ्यावा.

वझ्यांचा कोश छोटा, शाळेसाठी केलेला, पण विसाव्या शतकाच्या आरंभी शिकलेल्या माणसाला शब्द कोणत्या अर्थाने ठाऊक होता हे पाहायला चांगला. बर्नसन यांचा कोश मराठी शिकणाऱ्या परभाषकांसाठी आहे. रोजच्या शब्दांची उदाहरणे त्यात उत्तम, दुर्मिळ शब्दांची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

व्युत्पत्तीची खात्री करायची तर याच संग्रहात टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश आहे (१९६२-६६). तिथे मराठी शब्द विचारू नये, संस्कृत मूळ विचारावे. ‘गुह्य’ काढले की निरनिराळ्या भाषांतली त्याची भावंडे एकत्र दिसतात. कृ. पां. कुलकर्ण्यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ (१९४६) शेजारी ठेवला तर पडताळा पक्का होतो.

‘गुह्य’ शोधताना एक गोष्ट लक्षात असू द्यावी. या शब्दाला शरीराचा झाकलेला भाग असाही अर्थ आहे, आणि ‘गुह्यरोग’, ‘गुह्येंद्रिय’ यांत तोच चालतो. म्हणून ‘त्याचे गुह्य मला कळले’ असे वाक्य लिहिले तर वाचक दचकतो. विशेषण म्हणून ‘गुह्य ज्ञान’, ‘गुह्य विद्या’, किंवा गीतेतल्यासारखे ‘राजगुह्य’ हे निर्धोक. एकटे नाम टाळावे.

कोश एवढे देतात, पण शेजारच्या शब्दांतला फरक ते एका ठिकाणी सांगत नाहीत, आणि चुका तिथेच होतात. ‘गुपित’ म्हणजे दुसऱ्याला कळू नये म्हणून दडवलेली कोणतीही माहिती. ते फुटते. कायद्यातही हाच शब्द : शासकीय गुपिते अधिनियम, १९२३. व्यापारातले सूत्र, पाककृतीचे प्रमाण, तिजोरीचा आकडा, ही सगळी गुपिते. ‘रहस्य’ हे ‘रहस्’ म्हणजे एकांत यावरून आले. ते उलगडते, आणि त्याला सांगणारा असावाच लागतो असे नाही. डोंगराचेही रहस्य असते. ‘इंगित’ मुळात हालचाल, खूण. ते कोणी सांगत नाही, ओळखावे लागते. ‘मर्म’ म्हणजे नाजूक जागा, जिथे बोट ठेवले की सगळे कळते किंवा सगळे दुखते. ‘मेख’ फारसीतली खुंटी. ‘ग्यानबाची मेख’ म्हणजे वरून सरळ दिसणाऱ्या गोष्टीत आत ठोकलेली अडचण. ‘बिंग’ म्हणजे उघडे पडले की लाज आणणारी गोष्ट, म्हणून तेही फुटते. ‘खुबी’ फारसीत चांगुलपणा, मराठीत कसबातली युक्ती. आणि गूज मात्र सांगितले जाते, ऐकले जाते, उकलले जाते. ‘गूज फुटले’ असे लिहिलेले वाचताना कानाला खटकते, कारण जे प्रेमाने स्वाधीन करायचे त्याला फुटण्याचे क्रियापद शोभत नाही.

आज लिहिताना हा शब्द कसा चालवावा? तो नपुंसकलिंगी आहे : ते गूज, माझे गूज. विभक्तीत गुजाचा, गुजाला, गुजात. ‘मनीचे गूज’, ‘अंतरीचे गूज’, ‘जिवीचे गूज’ ही जुनी, घट्ट बसलेली रूपे आहेत आणि ललित लेखनात अजून शोभतात. ‘कोणाला’ गूज सांगतात, ‘कोणाशी’ हितगुज करतात. या दोन प्रत्ययांची अदलाबदल करू नये. अनुवादात मूळ मजकुरातले गुप्त ज्ञान गुरूने शिष्याला, आईने मुलीला, मरणाऱ्याने जिवलगाला दिलेले असेल तर ‘गूज’ वापरावे. गुप्तहेराचा अहवाल, संगणकाचा परवलीचा शब्द, कंपनीचे सूत्र यांना वापरू नये. एक सोपी कसोटी आहे. वाक्यात ‘जिव्हाळ्याचे’ हे विशेषण घालून पाहा. ‘जिव्हाळ्याचे गूज’ बसत असेल तर शब्द योग्य, विचित्र वाटत असेल तर ‘गुपित’ घ्या.

‘हितगुज’ची अवस्था मनाला लागते. हित आणि गूज, म्हणजे आपल्या माणसाच्या भल्यासाठी त्याला एकांतात सांगितलेले. आज पाचशे पालकांच्या मेळाव्यात ध्वनिवर्धकावरून केलेल्या भाषणाच्या बातमीलाही ‘पालकांशी हितगुज साधले’ असा मथळा मिळतो. तिथे ‘संवाद’ हा चांगला शब्द आहे. जाहीर गोष्टीला ‘हितगुज’ म्हणत राहिलो तर दोघांतल्या हलक्या आवाजातल्या बोलण्यासाठी आपल्याकडे शब्दच उरणार नाही. लेखनाबद्दल म्हणाल तर नियमाने ‘हितगूज’ होते, पण ‘हितगुज’ इतके रूढ आहे की दोन्ही दिसतात. एका मजकुरात एकच रूप शेवटपर्यंत ठेवावे, आणि कोशात दोन्ही विचारावीत.

ज्यांना पाच कोश वेगवेगळे उघडायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी ‘बृहद्कोश’ हे मराठी संकेतस्थळ आहे. तिथे एकदाच शब्द टाकला की अनेक कोशांतल्या नोंदी एकाखाली एक येतात. पहिल्या चाचपणीला ते सोयीचे. शिकागोच्या संग्रहात नोंदीबरोबर छापील पानाचा क्रमांक असतो, आणि तो उघडला की त्या पानावरच्या शेजारच्या नोंदी दिसतात. दुर्मिळ शब्दासाठी हे शेजारपण फार मोलाचे आहे, कारण शोधलेल्या रूपाच्या वरखालीच त्याचे दुसरे रूप सापडण्याची शक्यता असते. लेखात संदर्भ द्यायचा तर पानाचा हाच क्रमांक द्यावा, संकेतस्थळाचा लांबलचक पत्ता नव्हे. पत्ते बदलतात, १८५७च्या प्रतीचे पान बदलत नाही.

आमचा क्रम असा : मोल्सवर्थमध्ये दोन्ही रूपांनी शीर्षशब्द, मग दाते-कर्व्यांत मूळ शब्द आणि त्याखालची छोटी शून्ये, उतारा जुना असेल तर तुळपुळे-फेल्डहाउस, व्युत्पत्तीबद्दल शंका असेल तर टर्नरमध्ये संस्कृत मूळ. सवय झाली की एका शब्दाला दहा मिनिटे पुरतात.

छापील प्रत घ्यावी का? नियमित लिहिणाऱ्याने मोल्सवर्थ घ्यावा. पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५मध्ये काढलेली पुनर्मुद्रित प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मिळू शकते. दाते-कर्व्यांचे पुनर्मुद्रण पुण्याच्याच वरदा बुक्सने केले. जुना संच विकत घेताना तीन गोष्टी दुकानातच पाहाव्यात. पुरवणीचा विभाग धरून आठही विभाग आहेत का. बांधणी उघडताना मधली पाने सुटत नाहीत ना. आणि पहिल्या विभागाच्या सुरुवातीची संक्षेपांची पाने शाबूत आहेत का, कारण सर्वाधिक हाताळलेली तीच असतात आणि फाटून गेलेलीही तीच. ती पाने मिळाली की त्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शिकागोच्या पडद्यावर ‘(माण.)’ किंवा ‘एभा’ दिसेल तेव्हा तेच उघडून पाहायचे आहेत.